सगळे फोटो एका जागी

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि तोही घरातला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला साहेब असतो, दुकानातल्याला गिऱ्हाईक असतं. मला आई, बाबा, दादा आणि चिमी असे चौघे होते. आता तिघे आहेत. बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी, शिलाई मशीनला खेटून माझं टेबल आहे. चालू केलं की आधी माझा पंखा खाकरतो, मग मी जरा विचार करतो आणि मग उजळतो. घाईत असलेल्या माणसाने माझ्या नादी लागू नये.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका अरुंद दुकानात, स्टुलावर बसलेल्या दुकानदाराने मला सुट्या भागांतून जोडलं. पेटी एका कंपनीची, पंखा दुसऱ्या कंपनीचा आणि स्क्रीन कुणीतरी मागवून परत पाठवलेली. "बिनधास्त घेऊन जा, चिवट निघेल," असं दुकानदार म्हणाला. पण बाबा पडले वायरमन. त्यांनी माझं झाकण उघडायला लावलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "वायरी अशा लोंबकळत्या ठेवता होय? बांधा आधी." दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण वायरी बांधल्या. तेव्हापासून माझ्या पोटात सगळं जागच्या जागी आहे.

मला आणायचा हट्ट दादाचा. वर्गात सगळ्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे, अशी शुद्ध थाप मारून त्याने बाबांना पटवलं होतं. चिमी तेव्हा एवढीशी होती. माझी कळ दाबायला मिळावी म्हणून ती दादाच्या मागे मागे फिरायची. आई दिवसभर शेजारच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. तिने उरलेल्या तुकड्यांचं मला एक आवरण शिवलं, आणि वर त्याला झालरही लावली. ती झालर पाहून दादाने कपाळाला हात लावला.

"आई, कॉम्प्युटर आहे तो. बाहुली नाही."

"धूळ बाहुलीवर पण बसते आणि याच्यावर पण," आई म्हणाली, आणि विषय संपला.

मग घरात कॅमेरा आला. साधाच, दोन सेलवर चालणारा. इथे बाबांची एक सवय तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या सवयीने घडलं. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या घरची बिघडलेली घड्याळं, टॉर्च, रेडिओ उघडले होते, आणि आत गळलेल्या सेलांनी काय अनर्थ केलेला असतो तो पाहिला होता. त्यामुळे काम झालं की सेल बाहेर, हा आमच्या घरचा कायदा होता. फोटो काढून झाले की ते माझ्यात भरायचे, कॅमेरा रिकामा करायचा, सेल काढायचे आणि साबणाच्या डबीत ठेवायचे. त्यात कधी हयगय झाली नाही.

या शिस्तीपायी कॅमेऱ्याला मात्र काही म्हणता काही आठवत नसे. सेल निघाले की त्याचं घड्याळ पुसलं जाई. पुन्हा सेल घातले की तो आपल्या त्याच पहिल्या तारखेला जागा होई, आणि फोटोंना पुन्हा एकपासून नंबर देऊ लागे. दादा पहिल्यांदा सायकलवर बसला तो फोटो नंबर एक, आणि दादाला मिसरूड फुटलं तेव्हाचा फोटोही नंबर एक. तारीखही दोन्हींवर तीच. सुरुवातीला दादा दर वेळी तारीख नीट लावायचा. बाबा म्हणायचे, "कशाला त्या तारखेच्या मागे लागतोस? आपला पोरगा कधी केवढा होता ते आपल्याला कळत नाही का?" शेवटी दादानेही नाद सोडला.

माझी त्यात काही अडचण झाली नाही. एका फोल्डरमध्ये एकाच नंबरचे दोन फोटो राहू शकत नाहीत, हे खरं. पण बाबा दर खेपेला नवा फोल्डर करायचे. नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पहिल्या फोल्डरचं नाव 'नवीन', दुसऱ्याचं 'नवीन नवीन', त्यानंतरच्या एकाचं 'हे पण नवीन'. या शेवटच्यात त्यांच्या कामाचे फोटो होते, एका अख्ख्या चाळीचे, एकाच खेपेत काढलेले ढीगभर. कुणाकडे काम करायला गेले की आधीचा जळका फ्यूज बोर्ड आणि नंतरचा नीट केलेला बोर्ड, असे दोन्ही फोटो काढून ठेवायचे. नंतर कुणी हुज्जत घालायला नको. तर असे ते सगळे नंबर एक आपापल्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदले.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. मावशी आली की सगळे माझ्यासमोर खुर्च्या ओढून बसायचे. कळ दादाच्या हातात. "मागे घे, मागे घे, तो परत दाखव," असं आई म्हणायची, आणि तो म्हणजे नेहमी सायकलवरचाच असायचा. समोरचे दोन दात पडलेले, कॉलर मोठी झालेला शर्ट, आणि दादा तोंड उघडून हसतोय. मावशीने तर सगळेच्या सगळे फोटो आपल्या डिस्कवर भरून नेले. "काय सुंदर दिसतं रे याच्यात," असं ती म्हणाली होती. तेवढ्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

दादा मोठा झाला आणि दूरच्या गावी नोकरीला लागला. त्याने लॅपटॉप घेतला, माझ्यातले आवडते थोडे फोटो त्यात भरले आणि माझ्या पेटीवर थाप मारून म्हणाला, "चल, भेटू." तिथे त्याला तापाचं निमित्त झालं. घरचे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परत आल्या त्या दोन बॅगा आणि तो लॅपटॉप.

त्यानंतर माझ्यासमोर कुणी बसेना. दादाचं नाव निघालं की बाबा उठून गॅलरीत जात आणि बराच वेळ आत येत नसत. म्हणून आईने त्याचं नाव काढणं बंद केलं, चिमीनेही केलं. घरात दादाबद्दल कुणी हूं की चूं करीत नसे. हातातले फोन मोठे होत गेले, माझी कुणाला गरज उरली नाही. माझ्या टेबलावर आधी इस्त्रीचे कपडे आले, मग गिऱ्हाइकांची मापाची ब्लाउज आली, मग जुन्या पिशव्या आल्या. मी आवरणाखाली गप्प होतो. घरातली माणसंच गप्प असताना मी कुणाकडे तक्रार करणार?

मग आईच्या हातातली सुई चुकायला लागली. आधी तिने चष्म्याला दोष दिला, मग दोऱ्याला, मग खोलीतल्या दिव्याला. बाबांनी दिवा बदलून मोठा लावला. तरी दोरा ओवला जाईना. शेवटी चिमी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. नस सुकत चालली आहे, त्या म्हणाल्या. गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरली आहे तीही फार दिवस राहणार नाही. जे बघायचं ते बघून घ्या.

आई घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, "मला दादाला बघायचंय."

बाबा गॅलरीत गेले. भिंतीवर दादाचा एक फोटो होता, पण तो नोकरीच्या अर्जासाठी काढलेला. त्यात तो तोंड मिटून, मान ताठ करून बसला होता. आईला हसणारा दादा हवा होता.

चिमी आता औषधांच्या दुकानात काम करत होती. एकच औषध दोन कप्प्यांत दिसलं की तिला चैन पडत नसे. तिने माझ्यावरच्या पिशव्या उतरवल्या, आवरण काढलं, मला पुसलं. मी खाकरून उजळलो. एवढ्या दिवसांनी कुणाचा तरी हात लागला म्हणून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ती म्हणाली, "आई, फोटो तीन ठिकाणी पसरलेत. काही याच्यात, काही दादाच्या लॅपटॉपवर, काही मावशीच्या डिस्कवर. मी सगळे एका जागी आणते. दोनदा आलेले काढून टाकते, नीट लावते. मग एकदाच बसू आणि लहानपणापासून सगळा बघू त्याला."

"अग, आत्ता जे आहेत ते तरी दाखव ना."

"थांब ग. असं अर्धवट काय बघायचं?"

चिमीच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्रांनो. आईसाठी तिचा जीव तुटत होता, म्हणून तर तिला सगळं नीटनेटकं करून, ताटात वाढल्यासारखं द्यायचं होतं. पण तिला सुट्टी आठवड्यातून एकदाच. त्या दिवशी ती सकाळपासून माझ्यासमोर बसे. आई स्टूल ओढून शेजारी येई, स्क्रीनकडे तोंड नेई. "हा कोण? दादा का?" चिमी म्हणे, "आई, मध्ये मध्ये नको ना ग, माझं चुकेल काहीतरी." मग आई स्टूल घेऊन मागे जाई. पुढच्या सुट्टीला ती पुन्हा येई. दर खेपेला ती स्क्रीनच्या आणखी जवळ तोंड नेत होती. चहाचा कप उचलताना कपाचा कान तिच्या बोटांना सापडेनासा झाला होता.

चिमीने 'सगळे' नावाचा एक मोठा फोल्डर केला. त्यात आधी माझ्याकडच्या 'नवीन'मधले फोटो हलवले, मग दादाच्या लॅपटॉपवरचे फोटो हलवायला घेतले. तिथे मी तिला थांबवून विचारलं, की या नंबरचा, याच तारखेचा फोटो इथे आधीच आहे. तो काढून हा ठेवू, की हा राहू देऊ, की दोन्ही ठेवू? चिमीने दोन्ही उघडून पाहिले. दोन्हींत तोच दादा, तीच सायकल. पुढचे दोन-चार पाहिले, तेही तसेच. लॅपटॉपवरचे माझ्याकडूनच तर गेले होते. "बरोबर, दोनदा आलेत," ती म्हणाली. तिने 'काढून हा ठेव' असं सांगितलं आणि खालच्या चौकोनात खूण केली: सगळ्यांना हेच उत्तर.

मग तिने माझ्या बाकीच्या फोल्डरांतले फोटो 'सगळे'मध्ये हलवायला घेतले, आणि मी विचारलं की न उघडताच तीच खूण केली. नंबर तोच, तारीख तीच, म्हणजे फोटो तोच, असा तिचा हिशोब होता. दुसऱ्या कुठल्याही घरात तो बरोबर ठरला असता. आमच्या घरात, सेल काढून ठेवणाऱ्या माणसाच्या घरात, तो चुकला. एकदा ती थबकली होती. "एवढ्या सगळ्यांची तारीख एकच कशी काय?" असं ती मोठ्याने म्हणाली आणि खुर्चीत मागे वळली. आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. त्यांना विचारायचं म्हणजे दादाचं नाव काढायचं, आणि नाव काढलं की ते उठून जाणार. चिमी पुन्हा माझ्याकडे वळली.

मला माणसं ओळखता येत नाहीत. एका नंबरचा फोटो दादाचा आहे की भिंतीचा, हे मला कळत नाही. मी विचारलं होतं, मला उत्तर मिळालं होतं, आणि त्याहून जास्त बोलायची मला मुभा नाही. 'नवीन'च्या जागी 'नवीन नवीन' बसलं. त्याच्या जागी पुढचं बसलं. सगळ्यात शेवटी आलं 'हे पण नवीन', आणि त्यात फोटो इतके होते की ते एकूणएक नंबरावर जाऊन बसलं. पुसलेल्या गोष्टींसाठी माझ्याकडे टोपली असते, तिच्यातून परत काढता येतं. पण ज्याच्या जागी दुसरा आला तो फोटो टोपलीत जात नाही. तो जातो तो जातोच.

तरी मावशीकडून मागून आणलेली डिस्क होती. तिच्यात दादा जसाच्या तसा, सगळ्या वयांचा होता. पण चिमीने विचार केला की त्यात तेच तर आहेत, आणि आता एवढ्या मेहनतीने लावलेल्या फोटोंची एक प्रत सुरक्षित असायला हवी. म्हणून तिने डिस्क पूर्ण साफ केली आणि तिच्यावर 'सगळे' भरून ठेवलं. जपण्यासाठी केलेल्या या कामाने उरलंसुरलंही गेलं. "झालं एकदाचं!" ती म्हणाली आणि हात झटकत उठली.

दुपारी खुर्च्या मांडल्या गेल्या. आईने तोंड धुतलं, केस विंचरले. बाबा कधी नव्हे ते आतून आले आणि दारात उभे राहिले. चिमीने पहिला फोटो मोठा केला.

"हे काय आहे ग?" आईने डोळे बारीक केले. "खिडकी आहे का?"

तो एक फ्यूज बोर्ड होता. "थांब हं आई, पुढचा बघू." पुढचा मीटर होता. त्याच्या पुढचा जळलेला स्विच. चिमी भराभर कळ दाबत गेली. बोर्ड, वायरी, बोर्ड. मग दादाच्या लॅपटॉपवरचे त्याने स्वतः काढलेले फोटो आले: कारखान्यातलं मशीन, एक टेकडी, हसणारे मित्र. फोटो काढणारा त्यांत कुठे असणार? कडेला एकदा त्याचं बोट तेवढं आलं होतं.

"दादा कुठाय?" आईने विचारलं.

बाबा जवळ आले, चिमीच्या खांद्यावरून त्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ते बोर्डांचे माझ्या कामाचे आहेत."

पुसलेले फोटो परत काढून देणाऱ्या एका माणसाकडे चिमी डिस्क घेऊन गेली. तिच्यासोबत नुसती डिस्क नाही, मी आणि दादाचा लॅपटॉपही गेलो होतो; माझी पेटी तिने रिक्षात मांडीवर धरली होती. त्या माणसाने आम्हा तिघांना चार दिवस ठेवून घेतलं आणि नंतर हात टेकले. "नुसतं पुसलं असतंत तर काढून दिलं असतं, ताई. तुम्ही त्याच्यावर दुसरं भरलंत. आणि या लॅपटॉपवरचं तर हलवलं की तिथल्या तिथे कोरं होतं." डिस्कवरून त्याने दोन-तीन फोटो अर्धेमुर्धे ओढून काढले. वर आकाश, केस, कपाळ. त्याखाली सगळं करडं. हसणं नेमकं खालच्या भागात असतं.

त्या संध्याकाळी बाबा माझ्याशेजारी, आईच्या मशीनच्या स्टुलावर बसले. "सेल काढायला नको होते मी."

"तुमचं काय त्यात, बाबा? मी विचारायला हवं होतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही उठून जाता."

त्या दिवशी ते उठून गेले नाहीत, पण आता बसून राहण्याने काही होणार नव्हतं.

चिमीने तरी धीर सोडला नाही. एकदा दाखवलेल्या फोटोची एक बारीकशी नक्कल मी माझ्यासाठी ठेवतो, पुन्हा यादीत दाखवायला सोपं जावं म्हणून. बोटाच्या नखाएवढी असते ती. माझ्या पोटात उकरता उकरता तिला ती सापडली. सायकल होती, दादा होता, हसत होता. पण नखाएवढा. तिने तो मोठा करून पाहिला, तर नुसते रंगांचे चौकोन झाले. बारीक ठेवला तर आईला दिसणार नाही, आणि मोठा केला तर तो दादा राहत नाही. मध्ये कुठेतरी थांबून तिने आईला हाक मारली. एव्हाना आईला खिडकीतला मोठा उजेड तेवढा कळत होता.

"मिळाला का ग?" आई चाचपडत आली. चिमीने तिला खुर्चीत बसवलं, तिचा हात हातात घेतला. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"मिळाला, आई. सायकलवरचा."

"हो ग, दिसतोय," आई म्हणाली. "दात पडलेत बघ. आणि तो शर्ट, मीच शिवलेला. कॉलर जरा मोठीच झाली होती. मी म्हटलं, वाढत्या अंगाचा आहे, राहू दे. बघ ना, कसा हसतोय."

बराच वेळ कुणी हात लावला नाही की मी आपोआप स्क्रीन विझवतो. वीज वाचावी म्हणून मला तसं शिकवलेलं आहे. मी स्क्रीन विझवली. काळ्या काचेवर आईचा चेहरा उमटला, आणि तिच्यामागे बाबांचा.

आई बोलतच राहिली. "किती छान दिसतोय. एवढे दिवस उगाच जिवाला लावून घेतलंस तू, चिमे. आहे की सगळं."

बाबा कळ दाबायला वाकले. चिमीने मान हलवून त्यांना नको म्हटलं. आईला काही दिसत नव्हतं, पोरीला बरं वाटावं म्हणून ती बोलत होती. आपण काळ्या स्क्रीनकडे बघून बोलतोय, एवढंच तिला माहीत नव्हतं. चिमी तिला "हो आई, हो," म्हणत राहिली.

मित्रांनो, फोटोंची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा, आम्ही काही विचारलं तर नीट वाचून उत्तर द्या, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मीही सांगतो. पण माझं मागणं त्याच्या आधीचं आहे. घरातलं कुणी म्हणालं, की मला अमक्याला बघायचंय, तर हातातलं काम सोडा आणि जे असेल ते दाखवा. फोल्डर विस्कटलेले असू देत, नावं वेडीवाकडी असू देत, एकच फोटो चारदा आलेला असू दे. लावालावी मागाहून होते, नाही झाली तरी कुणाचं अडत नाही. आमच्याकडे दादाचे सगळे फोटो होते, आणि ते बघायला आईचे डोळेही होते. दोन्ही एकाच खोलीत होते.